अकरा महिन्यांची लेक आणि दोन मंडळ्या

पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणारी ताई तिशीतली, माहेर वसईचं, कॅथलिक. नवरा नगरकडचा. त्याचे आईवडील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे, आणि त्याचा बाळपणीच तिथे बाप्तिस्मा झाला होता. पुढे कॉलेजात असताना तो एका पेंटेकॉस्टल मंडळीत, म्हणजे कळत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या एका चर्चमध्ये, जाऊ लागला आणि विसाव्या वर्षी पाण्यात उतरून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लग्न वसईच्या चर्चमध्ये झालं. मुलगी आता अकरा महिन्यांची आहे, जेवणाआधी हात जोडायला शिकली आहे. आई दर रविवारी मिस्सा आटोपली की फोन करते, "पोरीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, कधी?" नवरा म्हणतो, "तिला कळू लागू दे. चौदा-पंधराची झाली की ती स्वतः घेईल." आता आईने सुचवलंय की मे महिन्यात नातीला घेऊन ये, फादरांशी मी बोलते, आपल्या आपल्यात उरकून घेऊ, जावयाला मागाहून सांगू. ताई विचारतात: बाप्तिस्म्याचं योग्य वय कोणतं? तोवर बाळाला काही झालं तर? आणि नवऱ्याला न सांगता केलं तर चालेल का?

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही एका ओळीत, घाईघाईने लिहिलाय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर माझ्यापाशी स्पष्ट आहे. असं करू नका.

नियमाच्या बाजूने पाहिलं तर आई म्हणते ते अगदीच अशक्य नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेप्रमाणे बाळाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते. म्हणजे तुमची एकटीची सही पुरेल. पण त्याच कलमात दुसरी अट आहे: मूल त्या श्रद्धेत वाढवलं जाईल अशी रास्त आशा हवी. लेकीच्या डोक्यावर पाणी पडल्याचं बापाला मामेभावाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळलं, तर त्या घरात ही आशा कशाच्या जोरावर धरायची? आणि बाप्तिस्म्याच्या वेळी फादर आईवडिलांना विचारतात, मुलीसाठी तुम्ही चर्चकडे काय मागता? त्या क्षणी तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल. ती रिकामी जागा तुम्हाला मरेपर्यंत आठवेल.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना ही गोष्ट नवी नाही. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यांना ते मागाहून कळलं. पुढची काही वर्षं त्या घराने काय सोसलं ते आपण सगळे जाणतो. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो सुमारे पाच वर्षांनी, त्यांच्या मनाने कौल दिल्यावर. टिळकांची श्रद्धा खोटी होती असं कोण म्हणेल? पण जोडीदाराला मागाहून कळणं ही जखम वेगळीच असते. श्रद्धा कितीही खरी असली तरी ती जखम चुकत नाही.

आता वयाकडे वळू. पवित्र शास्त्रात वयाचा आकडा कुठेच नाही. आहे ते असं: तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाचा नायक मध्यरात्री आपल्या सगळ्या घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतो. त्या घरात पाळण्यातलं मूल होतं की नव्हतं, हे लेखकाने सांगितलेलं नाही. तुमची आई म्हणेल असणारच, नवरा म्हणेल कशावरून. दुसरीकडे, जिथे बाप्तिस्मा घेणारा माणूस नजरेसमोर उभा केलाय, तिथे तो आधी ऐकतो, विश्वास ठेवतो आणि मग पाण्यात उतरतो. खुद्द येशूला चाळीस दिवसांचा असताना मंदिरात नेऊन देवाला अर्पण केलं आणि यार्देन नदीत बाप्तिस्म्यासाठी तो उतरला तेव्हा त्याचं वय सुमारे तीस वर्षांचं होतं. दोन्ही बाजू या दोन्ही गोष्टी आपापल्या परीने वाचतात.

म्हणून 'शास्त्रात काय लिहिलंय ते पाहू आणि त्याप्रमाणे करू' एवढ्याने तुमच्या घरातला वाद मिटणार नाही. तो पहिल्या शतकांतही मिटला नव्हता. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात इ.स. २००च्या सुमारास तर्तुल्यान हा ख्रिस्ती पंडित लिहीत होता की लहानग्यांची घाई करू नका, त्यांना ख्रिस्ताची ओळख होऊ द्या. त्याच कार्थेजमध्ये पन्नासेक वर्षांनी बिशप सिप्रियान आणि त्याचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न आला की जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंत थांबावं का. त्यांनी कळवलं, तेवढंही थांबू नका. दोघेही देवभीरू होते. शहर एकच, आणि मध्ये जेमतेम दोन पिढ्या.

संत मोनिकेची गोष्ट तर तुमच्या आईला मुद्दाम सांगा, कारण वसईत तिचं नाव ठाऊक नाही असं घर नसेल. तिचा मुलगा ऑगस्टिन लहानपणी पोटदुखीने अगदी मरणाच्या दारात गेला, तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली. मग त्याला उतार पडला आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. त्या काळी ते सर्रास चाले. नवरा ख्रिस्ती नव्हता, मुलगा भलतीकडे वाहवत गेला आणि मोनिका वर्षानुवर्षं रडत, प्रार्थना करत राहिली. शेवटी इ.स. ३८७च्या पुनरुत्थान सणाला, म्हणजे ईस्टरला, मिलान शहरात बिशप अँब्रोजने ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला. तो बत्तिसाचा होता. त्याच रात्री त्याच्यासोबत त्याचा मुलगाही त्या कुंडात उतरला, पंधराच्या आसपासचा. तुमचा नवरा ज्या वयाची गोष्ट करतो, त्याच वयाचा. आणि हाच ऑगस्टिन पुढे बालकांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने सगळ्यात ठामपणे उभा राहिला.

आईची भीती मला समजते. 'बाळाला काही झालं तर' हे वाक्य आपल्या आज्यांच्या तोंडी उगाच आलेलं नाही. त्यांनी बाळं गमावलेली पाहिली आहेत. पण त्या भीतीसाठी मे महिन्यातला चोरून केलेला विधी लागत नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणेच जिवावरच्या प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, दवाखान्यातली नर्ससुद्धा. चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा, पाणी हवं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो हे शब्द हवेत. आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च आज देवाच्या करुणेच्या स्वाधीन करतं. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने यावर सविस्तर लिहिलं, की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आईला हे फादरांच्या तोंडून ऐकू द्या. माझ्या किंवा तुमच्या सांगण्याने तिचं समाधान होणार नाही.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे. 'ती स्वतः निवडेल' हे ऐकायला निर्मळ वाटतं, आणि तो ते मनापासून म्हणतोय यात मला शंका नाही. तरी त्याला दोन गोष्टी विचारा. लेक जेवणाआधी हात जोडते, असं तुम्ही लिहिलंय. ते तिला विचारून शिकवलं का? नाही. रविवारी तिला कुठल्या मंडळीत नेता, तिथे कोणती गाणी तिच्या कानावर पडतात, हे सगळं तुम्ही दोघं तिच्या वतीने रोज ठरवताच आहात. दुसरं असं की चौदाव्या वर्षाची निवड तरी किती मोकळी असते? उन्हाळी शिबिराची शेवटची रात्र, गाणी टिपेला पोचलेली, शेजारच्या तीन मैत्रिणींचे हात वर गेले की चौथीचाही जातो. तो हात खराही असू शकतो. पण तो खरा आहे की नाही हे वयावरून कळत नाही.

आणि तुम्हालाही विचारते, रागावू नका. बाप्तिस्मा तुम्हाला कशासाठी हवाय? देवाने लेकीला आधीच आपलं म्हटलंय, हे तिच्या जन्माच्या पहिल्या वर्षातच जगापुढे सांगायचंय, म्हणून? की वाड्यात सगळे विचारतात, पांढरा फ्रॉक शिवून तयार आहे आणि आईला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून? मला वाटतं दोन्ही थोडंथोडं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त नवऱ्याशी बोलताना पहिलं कारण त्याला ऐकू यायला हवं. तुमच्या पत्रातून मला दुसरंच जास्त ऐकू आलं. त्याच्याही कानावर बहुधा तेवढंच पडत असेल.

इथे माझ्या घरातलं सांगते. आम्हा बहिणींचा बाप्तिस्मा महिन्याच्या आत झालेला. धाकटीने चोविसाव्या वर्षी एका मंडळीत पाण्यात उतरून पुन्हा घेतला. मी गेले होते पाहायला. पावसाळ्यानंतरचं शेततळं, काठावर पन्नासेक माणसं, पदर जागेवर राहावा म्हणून तिने खांद्यापासून कमरेपर्यंत सेफ्टीपिना लावलेल्या. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, एक हात पाठीला आणि एक नाकावर ठेवून तिला मागे झोपवलं, आणि ती वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ती सुखात होती. संध्याकाळी घरी आलो. आईने एक शब्द काढला नाही. कपाटातून तिने कापडात गुंडाळलेला धाकटीचा पांढरा अंगरखा आणि अर्धी जळलेली मेणबत्ती काढली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मग हे कशाचं होतं?" आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या दोघींना पुन्हा नीट बोलायला सात वर्षं लागली.

ताई, म्हणून मला वाटतं तुमच्या घरातली खरी गाठ वयाची नाही. 'एकदा की पुन्हा' ही ती गाठ आहे. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. सीएनआयमध्ये पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल तर कॅथलिक चर्च तोही पुन्हा करत नाही. १९८२ साली पेरूमधल्या लिमा इथे वेगवेगळ्या चर्चेसचे अभ्यासक एकत्र बसले, त्यांनीही बाप्तिस्मा पुन्हा देण्यासारखं काही करणं टाळा असं सांगितलं. पण तुमच्या नवऱ्याच्या मंडळीच्या लेखी बाळपणी झालं ते बाप्तिस्मा नव्हेच, त्यामुळे पुढचा त्यांना 'पुन्हा' वाटत नाही. भारतात आलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचंच पाहा. मराठीतला पहिला छापील नवा करार १८११चा, तो त्यांच्या हाताखाली झाला. बाळपणी त्यांचा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता, आणि १७८३मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी नदीत उतरून घेतला. तेव्हा आज घाईने करून उद्या लेकीला त्या तळ्याकाठी आणि मग तुमच्या टेबलासमोर उभं करायचं का, याचा विचार आत्ता करा.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या लक्षात येत नाही. दोन्हीकडे पायऱ्या दोनच आहेत. तुमच्याकडे आधी बाप्तिस्मा आणि कळू लागल्यावर दृढीकरण, जिथे मूल स्वतःच्या तोंडाने श्रद्धेची कबुली देतं. त्यांच्याकडे आधी बाळाचं अर्पण आणि कळू लागल्यावर बाप्तिस्मा. बाळाला देवापुढे नेणं दोघांनाही हवंय. मोठेपणी त्याने आपणहून हो म्हणावं हेही दोघांना हवंय. पाणी कुठल्या पायरीवर, एवढाच फरक. हा फरक लहान नाही, पण 'तुला देव नको' आणि 'तुला आमची पोर बाटवायची आहे' असल्या बोलण्याइतका मोठाही नाही.

मग करायचं काय? आधी लग्नाच्या वेळचे कागद आठवा. कॅथलिक चर्चमध्ये मिश्र लग्न लागतं तेव्हा कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं यासाठी मी आपल्या परीने सगळं करीन. दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना देतात, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. तुम्ही ते दिलं असणार, आणि त्याला ते माहीत असणार. ही गोष्ट उघडपणे समोर ठेवा, भांडणात शस्त्रासारखी नव्हे. 'मी हे वचन दिलंय आणि मला ते जड जातंय' असं म्हणा. 'आपल्या परीने सगळं' यात संसार मोडणं येत नाही, हे फादरही तुम्हाला सांगतील.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. तुमच्या पत्रात आई आहे, नवरा आहे, फादर आहेत, पाळक आहेत. सासूबाई एका ओळीत येऊन गेल्या. ताई, त्यांनी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बाप्तिस्मा देववला आणि वीस वर्षांनी त्यानेच तो मानला नाही. माझ्या आईने टेबलावर मेणबत्ती ठेवली, तसं त्यांनी काय केलं, हे कुणी विचारलंय का? तुम्ही विचारा. नवऱ्याच्या समोर विचारलंत तर आणखी चांगलं. शिवाय त्या ज्या चर्चच्या आहेत त्याची घडणच या प्रश्नातून झाली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे कळत्या वयातच देणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही रीती एकाच छपराखाली मान्य केल्या. याचा अर्थ तुम्ही मधला मार्ग म्हणून नगरला जाऊन विधी उरकावा असा नाही. जिथे तुम्ही रविवारी जाणार नाही तिथे फक्त पाणी घेऊन येणं मला पटत नाही. पण दोन मतांची माणसं एका बाकावर बसू शकतात, हे तिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ चाललंय.

त्यानंतर दोघं मिळून फादरांना भेटा आणि दोघं मिळून पाळकांनाही. एकेकटे नको. फादरांना विचारा: नवरा बाप्तिस्म्याच्या वेळी शेजारी उभा राहिला, पण श्रद्धेने सहमत नसला, तर त्याने काय म्हणायचं आणि काय न म्हटलं तरी चालेल? त्याच्या बाजूचं कुणी उभं राहू शकेल का? (राहू शकतं. एक कॅथलिक धर्ममाता किंवा धर्मपिता असेल, तर दुसऱ्या चर्चमधली बाप्तिस्मा झालेली व्यक्ती साक्षीदार म्हणून सोबत उभी राहते. नणंदेचा विचार करा.) पाळकांना विचारा: लेकीचा बाळपणी बाप्तिस्मा झाला आणि मोठेपणी तिने 'माझा झालाय, मला तोच मान्य आहे' असं सांगितलं, तर तुमच्या मंडळीत तिची जागा काय? या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे. पाळक 'आम्ही तिला तशीच स्वीकारू' म्हणाले तर त्याची अर्धी अडचण तिथेच सुटेल. 'तिला पुन्हा घ्यावाच लागेल' म्हणाले तर निदान कशाला तोंड द्यायचंय ते दोघांना कळेल.

माझं मत विचाराल तर, नवरा मनापासून नाही तरी शांतपणे हो म्हणाला, तर याच वर्षी बाप्तिस्मा करा, त्याला शेजारी घेऊन, वसईत, दिवसाढवळ्या. लेक ओल्या डोक्याने रडेल, आजी टॉवेल घेऊन पुढे धावेल, आणि मेणबत्ती बापाच्या हातात द्या. तो नाहीच म्हणाला तर थांबा. त्याच्या मंडळीत अर्पणाची प्रार्थना होऊ द्या, त्या दिवशी वसईची माणसं बोलवा, आणि लेकीला दोन्ही घरांच्या प्रार्थना शिकवा. थांबणं म्हणजे सोडून देणं नाही. सात वर्षांपुढच्या मुलाला कॅथलिक चर्च समजत्या वयाचं मानतं. तेव्हा तिला स्वतःला विचारून, तयारी करून बाप्तिस्मा घेता येतो. म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत वाट पाहणं किंवा येत्या मे महिन्यात चोरून उरकणं, एवढे दोनच रस्ते नाहीत. मध्ये बरीच वर्षं आहेत, आणि प्रत्येक वर्षी पुन्हा बोलता येतं. ही दुसरी वाट तुम्हाला जास्त जड जाईल, हे मला माहीत आहे. तरी लपवलेल्या बाप्तिस्म्यापेक्षा मी ती पसंत करीन.

अशाच कोड्यात असलेल्या बाकीच्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: बाप्तिस्मा कुठेही झाला तरी नोंदवहीत नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं अचूक चढली आहेत ना ते तिथल्या तिथे पाहा आणि दाखला सांभाळून ठेवा. पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न, प्रत्येक वेळी तो मागतात. मूल ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत, वाढणार आहे तिथल्या फादरांना आधी कळवा. माहेरच्या चर्चमध्ये करायचं असलं तर त्यांचं पत्र बहुतेक लागतंच.

आणि ताई, आईला या रविवारी तिच्या फोनची वाट न पाहता तुम्हीच फोन करा. मे महिन्यात येतेय म्हणून सांगा, पण जावयालाही घेऊन येतेय हे त्याच दमात सांगा. फ्रॉकबद्दल विचारा, कुणी शिवला, कापड कुठून आणलं, गळ्याला लेस लावली आहे का. तिला त्याबद्दल बोलू द्या. तो एका वर्षात लहान होईल, तेव्हा शिवण थोडी सोडवून ठेवायला सांगा.